नाटकाचा तास वेळापत्रकात का नाही

डिसेंबर लागला की मराठी माध्यमिक शाळेत दोन वेळापत्रकं चालू होतात. एक नोटीस बोर्डावरचं. दुसरं मराठीच्या बाईंच्या वहीत, शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं: कुणाला कुठल्या तासाला सोडवून आणायचं, गणिताचे सर कुणाला अजिबात सोडणार नाहीत, एस.टी.नं जाणाऱ्या मुलांना किती वाजता मोकळं करायचं. शेवटची घंटा झाली की नववी ‘ब’चे बाक भिंतीला लागतात, जमिनीवर खडूनं रंगमंचाची चौकट आखली जाते, आणि हजेरीला ‘उपस्थित’ म्हणण्यापलीकडे तोंड न उघडणारा मुलगा पाटील होऊन दुसऱ्याला दरडावायला लागतो. ड्रेपरीवाल्याकडून आणलेला फेटा त्याच्या कानांवर घसरत असतो. गॅदरिंग झालं की वही बंद. मग सराव परीक्षा, मग बोर्ड, आणि नाटक थेट पुढच्या डिसेंबरात.

चित्रकलेला वेळापत्रकात तास आहे, शिक्षक आहे, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत, त्यांचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. शारीरिक शिक्षणाला मैदान आहे, शिट्टी आहे. नाटकाला यातलं काही नाही, आणि तेही स्वतःला नाटकवेडा म्हणवून घेणाऱ्या मराठी समाजात. हे आळसामुळे झालेलं नाही. नाटक शाळेत ज्या दारानं आलं त्याचा हा परिणाम आहे, आणि ते दार पाहुण्यांचं होतं.

मराठी रंगभूमीची सुरुवात आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवरा’पासून मोजतो. ती राजाश्रयानं उभी राहिली, पुढे गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांची झाली. त्याच सुमारास इंग्रजी शिक्षणही पसरत होतं, पण दोघांची सोयरीक जुळायला वेळ लागला. कॉलेजातली मुलं शेक्सपिअर पाठ करत, त्यातले प्रवेश उभे करत, कारण त्यानं इंग्रजी उच्चार सुधारतात असं प्राध्यापकांना वाटे. नाटक म्हणजे भाषेचा व्यायाम. ही समजूत आजही शाळेत टिकून आहे. नाटक बसवायचं काम मराठीच्या नाहीतर इंग्रजीच्या शिक्षकाकडे आपोआप जातं, ते तिथूनच.

गंमत अशी की ज्यांनी मराठी नाटक घडवलं त्यांतले बरेच जण शिक्षकच होते. अण्णासाहेब किर्लोस्कर काही काळ बेळगावात शिकवत होते. तिथला त्यांचा विद्यार्थी म्हणजे पुढे ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल, आणि देवलही शिक्षकीच करून मग नाटकात आले. १८८० साली पुण्यात दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि ३१ ऑक्टोबरला किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आनंदोद्भव नाट्यगृहात रंगलं. त्याच न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवणाऱ्या आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं मराठी रूपांतर केलं, ते ‘विकारविलसित’ म्हणून १८८३ साली आलं. फर्ग्युसनमधले प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपिअरची तिखट नायिका ‘त्राटिका’ करून मराठीत आणली. म्हणजे मास्तर लोक नाटक लिहीत होते, पाहत होते, त्यावर वाद घालत होते. तरीही त्यांच्या वर्गात नाटक शिकवलं जात नव्हतं.

कारण प्रतिष्ठेचं होतं. ‘नाटक्या’ हा शब्द तेव्हा कौतुकानं वापरत नसत. सुरेल गळ्याचा, नाकीडोळी नीटस मुलगा दिसला की नाटक कंपनीची नजर त्याच्यावर पडे, कारण स्त्रीभूमिका मुलंच करत. शाळा सोडून कंपनीत पळून जाणं हा पालकांच्या आणि हेडमास्तरांच्या मनातला खरा धाक होता. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते. अशा काळात कुठल्या संस्थाचालकानं नाटकाचा तास वेळापत्रकात लावला असता? शाळेनं मधला मार्ग काढला. वर्षातून एकदा, पालकांसमोर, अध्यक्षांच्या उपस्थितीत, बक्षीस समारंभाच्या जोडीनं नाटक चालेल. कॉलेजांतून खाली झिरपलेलं हे गॅदरिंग पुढे स्नेहसंमेलन झालं, पण बोलताना आपण अजून गॅदरिंगच म्हणतो.

या सोहळ्यानं नाटकाचा विषयही ठरवून टाकला. प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत बसणार, तेव्हा ऐतिहासिक नाहीतर पौराणिक प्रवेश बरा. शिवाजी महाराजांचा दरबार, आग्र्याहून सुटका, श्रावणबाळ, हरिश्चंद्र. मुलांच्या शाळेत मुलगेच जिजाऊ होत, मुलींच्या शाळेत मुलीच मिशा लावून सरदार होत. मुलींच्या शाळांमधला हा उलटा प्रकार मला नेहमीच जास्त रंगतदार वाटत आला आहे. घरात मान वर करून बोलायची मुभा नसलेल्या मुलीला तलवार उपसून तीन पानी स्वगत म्हणायला मिळे. मात्र दोन्हीकडे मुलांचं रोजचं आयुष्य, म्हणजे चाळ, फी, मार, मैत्री, बहिणीचं लग्न, हे रंगमंचाबाहेर राहिलं.

मुलांसाठी म्हणून नाटक लिहिणारा शाळेतलाच माणूस मराठीला मिळाला तो आचार्य अत्रे. पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. १९२८ साली लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले, वाचनमाला संपादित केल्या आणि शाळेतल्या मुलांसाठी ‘गुरुदक्षिणा’सारखं नाटक लिहिलं. ‘साष्टांग नमस्कार’ १९३३चं, म्हणजे व्यावसायिक रंगभूमीवरचे अत्रे त्यानंतर आले. हेडमास्तर आधी, नाटककार नंतर, हा क्रम लोक विसरतात. पुलंनीही काही काळ मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकवलं, आणि ‘वयं मोठं खोटम्’सारखी मुलांची नाटकं लिहिली. पण हे दोघेही अपवादात्मक प्रतिभेचे. त्यांच्यामुळे शाळेत नाट्यशिक्षण रुजलं असं म्हणता येत नाही. त्यांची बदली झाली की, किंवा नोकरी सुटली की, नाटकही त्यांच्याबरोबर गेलं. आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी विचारा, ‘आमच्या शाळेत अमुक सर होते तोवर नाटकं व्हायची’ हे वाक्य ऐकायला मिळतंच.

स्वातंत्र्यानंतर हौशी रंगभूमीला स्पर्धांनी बळ दिलं. राज्य नाट्यस्पर्धा १९५४मध्ये सुरू झाली, महाविद्यालयांसाठी पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३पासून. शाळांच्या वाट्याला हे वारं बालनाट्याच्या रूपानं आलं. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर काढलं. रत्नाकर आणि प्रतिभा मतकरी यांची बालनाट्य संस्था त्यानंतर तीन वर्षांनी उभी राहिली. ‘अलबत्या गलबत्या’मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. ही चळवळ मोठी होती, पण शाळेच्या दृष्टीनं तिची दिशा वेगळी होती. मूल तिकीट काढून नाट्यगृहात प्रेक्षक म्हणून जायचं. शाळेच्या तासाला त्याचा उपयोग करायची वाट कुणी आखली नाही.

ती वाट आखण्याच्या सगळ्यात जवळ पोचली ती दादरची छबिलदास शाळा. सुलभा देशपांडे तिथे शिक्षिका होत्या. १९६७ साली विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये त्यांनी लीला बेणारे उभी केली. बेणारेही शाळेतली बाईच, आणि तिच्यावर चाललेल्या खोट्या खटल्यात तिची नोकरी पणाला लागते. शाळेतल्या शिक्षिकेचं रोजचं आयुष्य, तिच्यावरची समाजाची पाळत, हे मराठी रंगमंचावर इतक्या थेटपणे आलं ते दिवसा खरोखर वर्गात उभ्या राहणाऱ्या अभिनेत्रीच्या तोंडून. पुढे १९७१मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ स्थापन केली, आणि १९७४पासून छबिलदासच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. मुंबईची प्रायोगिक रंगभूमी कितीतरी वर्षं एका शाळेच्या हॉलवर जगली. घड्यांच्या खुर्च्या, वरून येणारी पंख्यांची घरघर, बाहेर दादर स्टेशनचा गोंगाट. सुलभाताईंनी मुलांसाठी ‘चंद्रशाला’ हा विभाग चालवला, ‘दुर्गा झाली गौरी’ त्यातलंच. तेंडुलकरांनीही मुलांसाठी नाटकं लिहिली होती, ‘बाबा हरवले आहेत’सारखी, ज्यांत मोठी माणसं बरीच गोंधळलेली दिसतात. पण छबिलदासचं नाव निघालं की आपण प्रायोगिकांबद्दल बोलतो. शाळेचा हॉल नाटकाला मिळाला, नाटकाला शाळेचा तास मात्र मिळाला नाही.

जगात दुसरीकडे तोवर हे दोन धागे एकत्र आले होते. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री शहराच्या बेलग्रेड थिएटरनं १९६५ साली नटांनाच शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली. एखादा प्रश्न नाटकातून उभा करायचा आणि मुलांनी त्यात उतरून निर्णय घ्यायचा, अशी ती पद्धत. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं दिल्लीत १९८९मध्ये याच धर्तीची तुकडी उभी केली.

पुण्यात बदल आला तो बर्लिनहून. तिथल्या ग्रिप्स थिएटरचं काम डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ साली मराठीत आणलं, ‘छान छोटे वाकडे मोठे’ हे त्यातलं पहिलं. ग्रिप्समध्ये राक्षस नाही, परी नाही. सोसायटीचा जिना आहे, नोकरीला जाणारी आई आहे, वर्गातली दादागिरी आहे, मुलीनं काय खेळायचं यावरचं भांडण आहे. मुलांच्या भूमिका मोठे नट करतात, तरी ‘बालनाट्याचा सूर’ लावत नाहीत. हा सूर म्हणजे काय ते शालेय स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलेल्या कुणालाही विचारा: हात कोपरापासून वर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी चढलेला आवाज, आणि टाळ्यांसाठी थांबणं. करंडकांच्या नादात शाळांनी तो सूर वर्षानुवर्षं जोपासला आहे. स्पर्धांनी पुष्कळ मुलांना रंगमंच दाखवला हे खरं, पण दहा मुलांची टीम निवडायची म्हणजे उरलेल्या पन्नासांना घरी पाठवायचं, हेही त्यातच आलं. ठाण्यात २०१४च्या सुमारास रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला तेव्हा हेच उलटं केलं गेलं. वस्तीतली मुलं आपल्याच वस्तीतल्या घडामोडींवर नाटिका रचू लागली. पाण्याच्या रांगेपासून दारूड्या बापापर्यंत सगळं त्यात आलं. गॅदरिंगच्या पहिल्या रांगेला हे परवडलं नसतं.

कागदोपत्री मात्र नाटक शाळेत कधीच आलेलं आहे. अध्यापक विद्यालयात ‘नाट्यीकरण’ ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं संगीत, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला दहावीपर्यंत सक्तीच्या असाव्यात असं सुचवलं. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’मध्ये गायन-वादनाशेजारी नाट्याचीही पानं आहेत. २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि ‘शिक्षणातील नाट्य व कला’ हा घटक त्यात आला. म्हणजे आज नव्यानं नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक माध्यमिक शिक्षकानं तो केलेला असतो. कसा केलेला असतो, ते त्याची फाइल उघडून पाहावं. मुखवट्यांची चित्रं, पथनाट्याचे चार फोटो, खाली सही.

गोव्यात थोडं वेगळं घडलं. तिथे देवळातल्या उत्सवी नाटकांमुळे मूल शाळेत जाण्याआधीच तालीम पाहतं, आणि कला अकादमीत नाट्यशिक्षण घेतलेल्यांना काही माध्यमिक शाळांमध्ये नाट्यशिक्षक म्हणून घेतलंही गेलं. छोट्या राज्यात हे जमलं, त्यात नवल नाही.

महाराष्ट्रात घोडं अडतं ते पदावर. शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीला शंभराच्या वर पट असेल तर कलेचा अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलं. पण कला शिक्षक म्हटलं की ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) झालेला चित्रकलेचा शिक्षक, हे इथे इतकं गृहीत आहे की संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेची शिक्षकपदं मंजूर करण्याच्या, वेळी दुसरा विचारच कुणाच्या मनात येत नाही. चित्रकलेचं हे आसन ब्रिटिशांच्या काळापासून पक्कं आहे. जे. जे. स्कूल १८५७चं, त्यामागून ड्रॉइंगच्या परीक्षा आल्या, परीक्षांमागून शिक्षक आले. नाटकाचं विद्यापीठीय शिक्षण त्यानंतर शंभरावर वर्षांनी आलं: औरंगाबादचा नाट्यशास्त्र विभाग सत्तरच्या दशकात, पुण्याचं ललित कला केंद्र १९८७मध्ये, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी २००३मध्ये. शाळेच्या दारापर्यंत हे पदवीधर पोचले तेव्हा आतली खुर्ची भरलेली होती.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर एन.सी.ई.आर.टी.नं सहावीसाठी काढलेल्या ‘कृती’ या कलेच्या पुस्तकात नाट्याचा स्वतंत्र विभाग आहे. राज्यातही पुस्तकं त्याच वळणावर येतील असं दिसतं. तो विभाग शिकवायला कोण येणार, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. नाट्यशास्त्र शिकलेली मुलं-मुली सध्या मे महिन्यात शहरांत फी घेऊन बालनाट्य शिबिरं चालवतात, उरलेलं वर्ष मालिकांच्या सेटवर काम शोधतात. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांपर्यंत ती शिबिरं पोचत नाहीत. तिथे पोचण्यासाठी भरतीच्या जाहिरातीत ‘कला शिक्षक’ या पदापुढच्या पात्रतेच्या रकान्यात नाट्यशास्त्राची पदवी लिहावी लागेल.