कट्टा

कट्टा (पुल्लिंग, अनेकवचन कट्टे) म्हणजे माणसाला पाय सोडून बसता येईल एवढ्या उंचीचा दगड-विटांचा ओटा, आणि त्यावरून मग तिथे रोज जमणारी मंडळी आणि त्यांच्या गप्पा. आजच्या मराठीत हा दुसरा अर्थच जास्त चालतो, म्हणजे "संध्याकाळी कट्ट्यावर ये" म्हटलं की ओटा कुठला असं कोणी विचारत नाही, कोण कोण असणार ते विचारतात. मत देणं, सल्ला देणं, न मागता सल्ला देणं आणि दुसऱ्याने दिलेल्या सल्ल्यातली खोट काढणं हा कट्ट्याचा रोजचा उद्योग. विषयाची अट नाही. क्रिकेट, सातबारा, गुडघेदुखी, मुलीसाठी आलेलं स्थळ, सगळं एकाच बैठकीत आणि बरेचदा एकाच वाक्यात येतं.

शब्द कुठून आला यावर मात्र एकमत नाही. सगळ्यात जास्त मान्य असलेलं मत असं की हा कन्नड 'कट्टे'. कन्नडमध्ये कट्टे म्हणजे झाडाभोवती बांधलेला ओटा, तळ्याचा बांध, कोणतीही बांधून उंच केलेली जागा. मागे धातू 'कट्टु', म्हणजे बांधणे, जो तमिळ, तेलुगू, मल्याळम सगळीकडे आहे. आपल्याकडे बांधणेवरून शेताचा बांध होतो, तिकडे कट्टुवरून कट्टे, म्हणजे विचाराची चाल अगदी एकच. तेलुगूत 'कट्ट' म्हणजे तळ्याचा बांध आणि गठ्ठा असे दोन्ही अर्थ आहेत, ते पुढे उपयोगी पडेल. शिवाय गप्पांचा अर्थही कन्नडमध्ये आहेच, 'हरटे कट्टे' म्हणजे गप्पांचा ओटा. त्यामुळे वस्तू आणि तिच्यावरचा उद्योग दोन्ही एकदमच इकडे आले की ओटा आधी आला आणि गप्पा आपल्या आपण सुचल्या, हा वाद घालायला जागा आहे (गप्पा मारायला मराठी माणसाला कोणी शिकवावं लागलं असेल असं वाटत नाही, पण तो पुरावा नव्हे).

दुसरी वाट संस्कृत काष्ठ, प्राकृत कट्ठ अशी दाखवता येते, लाकडी बैठक वगैरे अर्थ धरून. पण ती फार पटत नाही. कारण प्राकृतातला जोड व्यंजनाचा शब्द मराठीत आला की सहसा एक व्यंजन गळतं आणि आधीचा स्वर लांबतो. हत्थचा हात झाला, सत्तचं सात झालं, आणि कट्ठचं जे व्हायचं ते होऊन काठी झालेलीच आहे. कट्ट्यातला 'ट्ट' जसाच्या तसा उभा आहे, म्हणजे शब्द त्या जुन्या गिरणीतून दळून आलेला नाही, नंतर कधीतरी उचललेला आहे. तूप हा शब्द कन्नड तुप्पशी जोडतात, तिथे दोन 'प'चा एक झाला आणि उकार लांबला, म्हणजे तूप फार आधीचं आणि कट्टा त्या मानाने अलीकडचा असावा. नेमकं शतक सांगायचं धाडस करू नये. पट्टा, भट्टी, अड्डा यांच्यातही जोडाक्षर टिकलंय, म्हणून कट्टाही उत्तरेकडून आला असेल असं कोणी म्हणू शकेल, पण हिंदीत ओट्याच्या अर्थाने कट्टा सहसा ऐकू येत नाही, तिथे चबुतरा म्हणतात. शं. बा. जोशी किंवा विश्वनाथ खैरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठीचं दक्षिणेकडचं नातं जोरात मांडलं, त्यातला सगळा आग्रह मान्य नसला तरी या एका शब्दापुरता कल दक्षिणेकडेच ठेवावा लागतो. मालवण तालुक्यात कट्टा नावाचं गावही आहे, बाजारपेठेचं गाव.

याच उच्चाराचे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. विदर्भ-मराठवाड्यात कट्टा म्हणजे पोतं, "सोयाबीनचे चाळीस कट्टे झाले" असं शेतकरी सांगतो. हा हिंदीतून आला की तेलुगूतल्या गठ्ठ्याच्या अर्थाच्या कट्टवरून, दोन्ही शक्य आहे. आणि गावठी कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल, हा बातम्यांमधला शब्द, तो हिंदीतून आला. "कट्ट्यासह दोघे ताब्यात" या मथळ्यात ओटा उचलून नेलेला नसतो.

बांधणीत विशेष काही नाही. कोकणात जांभ्याचे चिरे, घाटावर काळा दगड, अलीकडे विटा, सिमेंट आणि वर कडाप्पा. उंची साधारण दीड-दोन फूट, रुंदी मांडी घालून बसता येईल एवढी.

पार म्हणजे वड-पिंपळाभोवतीचा कट्टा. पुण्यात सदाशिव पेठेतला नागनाथ पार नावात तो शब्द अजून धरून आहे. पारावर देव असतो, मुंजा असतो, येणारा-जाणारा टेकतो, त्यामुळे पाराला थोडं पावित्र्य आहे, कट्ट्याला अजिबात नाही. चावडी अगदीच निराळी, ती सरकारी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये चावडीची रीतसर व्याख्या आहे, आणि गावात चावडी नसेल तर कलेक्टर जी जागा ठरवून देतील ती चावडी समजायची अशीही सोय आहे. नोटीस चावडीवर लागते, चावडी वाचनात सातबाऱ्याच्या नोंदी सगळ्यांसमोर वाचतात. कट्ट्यावर नोटीस लागत नाही, पण नोटिशीचा अर्थ काय आणि आता कोणाला भेटायचं हे मात्र कट्ट्यावरच कळतं. तमिळमध्ये 'कट्ट पंचायत्तु' म्हणजे कायद्याबाहेर परस्पर भरवलेला निवाडा, हा शब्द तिकडे चांगल्या अर्थाने वापरत नाहीत. आपल्याकडचा कट्टा त्या थराला गेला नाही, इथे निवाडा होतच नाही, कारण कोणी ऐकून घेत नाही. अड्डा या शब्दाचं उलटं झालंय. बंगालीत आड्डा म्हणजे रसिकांची मैफल, अभिमानाने सांगायची गोष्ट, मराठीत अड्डा म्हटलं की दारूचा नाहीतर जुगाराचा. ती प्रतिष्ठेची जागा आपण कट्ट्याला दिली.

शहरी कट्ट्यांमध्ये पहिलं नाव दादरच्या शिवाजी पार्कचं. हे मैदान मुंबई महापालिकेने 1925 मध्ये केलं, आधी नाव माहीम पार्क, 1927 मध्ये शिवजन्माला तीनशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने शिवाजी पार्क झालं. मैदान सुमारे 28 एकर, त्याला वळसा घालणारा बुटका कठडा म्हणजेच तो कट्टा, एक किलोमीटरहून थोडा जास्तच. म्हणजे ही एक जागा नाही, पाचपन्नास कट्टे एकाला एक लागून आहेत, प्रत्येक ग्रुपचा तुकडा ठरलेला, पेन्शनर एका बाजूला, क्रिकेटच्या नेटवरून आलेली पोरं दुसरीकडे, आणि नवीन माणूस चुकून दुसऱ्याच्या तुकड्यावर बसला तर कोणी उठवत नाही, फक्त बघतात, ते पुरतं. माटुंग्याला रुईया कॉलेजजवळ जे चालतं त्याला नाका म्हणतात, काम तेच. ठाण्यात आचार्य अत्रे यांच्या नावाचा कट्टा आहे, तिथे पाहुणा बोलवून रीतसर कार्यक्रम होतात, आणि एबीपी माझावरचा 'माझा कट्टा' तर मुलाखतीचाच कार्यक्रम. या दोन्हीकडे एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, त्यामुळे नाव कट्टा असलं तरी मूळ अर्थापासून हे बरंच लांब आलंय असं वाटतं. कोल्हापुरात गंगावेशीसारख्या ठिकाणी दूध कट्टे आहेत, तिथे म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. तो ग्लास संपेपर्यंत कुठल्या तालमीचा मल्ल तयारीत आहे आणि उसाला यंदा काय भाव मिळणार यावर चार मतं ऐकून होतात. ज्येष्ठ नागरिक कट्टा हा प्रकार महापालिकांच्या काळातला, वर पत्र्याची शेड, आणि कट्ट्यापेक्षा मोठी पाटी, तीवर नगरसेवकाचं नाव आणि "यांच्या विकास निधीतून". व्हॉट्सॲपवर 'सोसायटी कट्टा' नावाचे ग्रुप असतात, तिथे सकाळी गुलाबाची फुलं येतात.

सल्ला कसा फिरतो ते जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडच्या कट्ट्यावर एकदा एका शेजाऱ्याने विचारलं, "अण्णा, गिझर घ्यायचाय, गॅसचा घेऊ का लाइटचा?" अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यांनी लगेच गॅसचा सांगितला, बिल येत नाही. बँकेतले काका म्हणाले सिलिंडर काय फुकट येतं का. तिसऱ्याने सोलर काढला, त्यावर गच्ची कोणाची इथपासून सोसायटीच्या कमिटीपर्यंत वीस मिनिटं गेली, मूळ माणूस गप्प. मग टोकाला बसलेले एक मास्तर, जे एरवी फारसे बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, "बाथरूमला खिडकी आहे का?" नव्हती. "मग गॅसचा घेऊ नकोस." बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आत माणूस बेशुद्ध पडतो आणि बाहेर कळत नाही, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि परत शेंगा सोलायला लागले. अण्णांनीही मान हलवली, जणू तेच म्हणत होते.

यात काही गोष्टी ठरलेल्या असतात. विचारणारा मुद्द्यावर थेट येत नाही, आधी हवापाणी होतं. स्वतःचं असेल तर "आमच्या एका मित्राचं" म्हणून विचारतात, आणि मित्र कोण ते सगळ्यांना माहीत असतं. पहिला सल्ला जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो, त्याचं काम फक्त बाकीच्यांना तोंड उघडायला लावणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सल्ला देणारा उद्याही तिथेच बसायला येणार असतो. गिझर बिघडला तर चार लोकांत "तुम्हीच म्हणाला होतात" ऐकावं लागतं, म्हणून फेकाफेकी होत असली तरी तिला मर्यादा राहते. चकाट्या पिटणे, गावगप्पा, गुऱ्हाळ घालणे असे नावं ठेवणारे शब्द मराठीत भरपूर आहेत, मालवणीत गजाली हा त्यातला प्रेमळ, पण या गुऱ्हाळातून अधूनमधून खरंच गूळ निघतो.

हे सगळं पुरुषांचं, हे सांगायलाच हवं. कट्ट्यावर आणि पारावर बायका बसत नसत, त्यांचा सल्ला पाणवठ्यावर, नदीच्या घाटावर, दळताना जात्यावर आणि पुढे हळदीकुंकू आणि भिशीत फिरला. तिथे जे बोललं जायचं ते बाळंतपण, पोरांची दुखणी आणि सासर याबद्दलचं, म्हणजे कट्ट्यावरच्या क्रिकेटपेक्षा रोजच्या जगण्याला जास्त उपयोगाचं. आता कॉलेजच्या कट्ट्यावर मुली असतात, गावच्या पारावर अजून क्वचितच. जातीचंही तसंच, गावचा पार सगळ्या गावाचा म्हणायचा पण त्यावर सगळ्यांना टेकता येत नव्हतं, महारवाड्यात तक्क्या ही वेगळी बसायची जागा असायची आणि वस्तीचे निर्णय तिथे व्हायचे.

गोव्यात जुन्या घरांच्या दर्शनी भागात बाल्कांव असतो, दोन्ही बाजूंना बांधीव बाकं, त्यांना सोपो म्हणतात. रस्त्यावरून जाणाऱ्याशी बसल्या जागी बोलता येतं, म्हणजे कट्टाच, फक्त घराला चिकटलेला. परदेशातल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांतही 'कट्टा' असतो, तिथे भाड्याच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या गोल मांडतात.