एडी

एडी : मुख्य प्रवाहाच्या उलट दिशेने, बहुधा गोलाकार वळून, परतणारे पाणी किंवा हवा यांसाठीचा इंग्रजी शब्द. मराठीत तो सहसा ‘भोवरा’ असा उतरवतात. ते निम्मेच बरोबर आहे. भोवऱ्यात गरगर फिरणे मुख्य, एडीत उलटे वाहणे. माणूस खेचणाऱ्या भोवऱ्याला इंग्रजीत ‘व्हर्लपूल’ हा वेगळा शब्द आहेच.

व्युत्पत्ती : शब्दाची लिखित नोंद पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, स्कॉट्स भाषेत मिळते. जुन्या नॉर्समधील (स्कँडिनेव्हियाची प्राचीन भाषा) ‘इदा’ (भोवरा) यावरून तो आला असावा, असे एक मत. दुसरे मत मूळ जुन्या इंग्रजीतच शोधते. तीत ‘एड’ हा ‘पुन्हा, मागे’ या अर्थाचा उपसर्ग होता आणि ‘एडविएले’ म्हणजे भोवरा. नॉर्स शब्द व हा उपसर्ग एकाच जर्मानिक मुळाचे मानले जात असल्याने ही मते एकमेकांना फारशी छेद देत नाहीत. मात्र पहिली नोंद नॉर्सचा प्रभाव असलेल्या स्कॉट्समधली, म्हणून नॉर्सकडे झुकते माप देणे सयुक्तिक वाटते. लॅटिन ‘एत्’ (आणि) व संस्कृत ‘अति’ यांनाही याच गोत्रात बसवतात; अर्थ इतका दूर गेला आहे की ते जपूनच घ्यावे. ‘एडवर्ड’चे लघुरूप ‘एडी’ याचा इथे संबंध नाही.

नदीत : खडकाच्या दोन्ही अंगांनी पाणी वेगाने निघून जाते, त्याच्या मागे पातळी किंचित खाली राहते आणि ती भरायला पाणी प्रवाहाच्या खालच्या बाजूकडून उलटे येते. दोन प्रवाहांमधली बुडबुड्यांची, थरथरती रेघ म्हणजे ‘एडी लाइन’. रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीत राफ्ट (हवा भरलेली रबरी नाव) विसाव्याला अशाच जागी घेतात. कयाक (वल्ह्याची चिंचोळी नाव) आत घेताना ही रेघ खडकालगत, साधारण ४५ अंशांच्या कोनात, वेग न सोडता ओलांडतात. वेग कमी पडला तर नाव खाली वाहून जाते. आत शिरताच नावेच्या पुढच्या टोकाला उलटा प्रवाह लागून नाव गर्रकन वळते. तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला झुकावे लागते, बाहेर झुकल्यास ती उलटते.

विद्युतशास्त्रात : बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूच्या अंगात वळसे घेणारे प्रवाह म्हणजे ‘एडी करंट’. त्यांच्या शोधाचे श्रेय सामान्यतः फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फुको (१८५५) यांना देतात. लेंझच्या नियमानुसार ते आपल्या कारणालाच विरोध करतात. या प्रवाहांनी गाभा तापू नये म्हणून ट्रान्सफॉर्मरमध्ये सुमारे ०.३ ते ०.५ मिमी जाडीचे, विद्युतरोधक लेप दिलेले सिलिकॉन-पोलादी पत्रे रचतात. जाडी निम्मी केली की या प्रवाहांपायी उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा चौथाईवर येते. कापताना कडेला बर (धातूची बारीक खरखरीत कोर) राहिली तर शेजारचे पत्रे एकमेकांना टेकतात आणि गाभा तेवढ्याच जागी तापतो.