पतितांना क्षमा: कार्थेजमधील वाद आणि ख्रिस्ती शिकवणीतील कृपा

इ.स. 249 मध्ये रोमचा सम्राट झालेल्या डेसियसने अल्पावधीतच असा हुकूम काढला की, साम्राज्यातील रहिवाशांनी अधिकाऱ्यांसमोर देवतांना बळी अर्पण करावा आणि तसे केल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. आपण देवतांना नेहमीच बळी देत आलो आहोत, असा अर्जदाराचा जबाब त्यांत असतो. ख्रिस्ती लोकांच्या दृष्टीने मात्र असा बळी म्हणजे मूर्तिपूजा होती आणि नकार देणाऱ्यांच्या वाट्याला छळ आला. रोमचे बिशप फेबियन यांचा जानेवारी 250 मध्ये मृत्यू झाला आणि त्यांची गणना हुतात्म्यांत झाली. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात मात्र कित्येक ख्रिस्ती लोक पहिल्याच दिवसांत आपण होऊन बळी देण्यास गेले, तर काहींनी बळी न देता पैसे चारून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे दोन्ही प्रकारचे लोक, म्हणजे ‘पतित’, ख्रिस्ती मंडळीच्या दाराशी परत आले आणि प्रभुभोजनात (भाकर व द्राक्षारस घेण्याच्या सामूहिक विधीत) पुन्हा सामील करून घेण्याची विनंती करू लागले.

त्यांना काय उत्तर द्यावे, हे शास्त्रावरून, म्हणजे बायबलवरून, सरळ ठरण्यासारखे नव्हते. जो माणसांसमोर मला नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, असे येशूचे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे आणि एकदा प्रकाश मिळूनही पतन झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते. दुसरीकडे, सर्व उधळून परतलेल्या मुलाला बाप स्वीकारतो तो उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आणि येशूला तीन वेळा नाकारूनही प्रेषितच राहिलेला पेत्र हेही त्याच शास्त्रात आहेत. बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या घोर पापाला, विशेषतः मूर्तिपूजेला, मंडळीने क्षमा द्यावी की नाही, याबद्दल त्याआधीच्या शतकभरात मतभेद होतेच. मात्र आता हजर असलेली माणसे शेजारची, नात्यातली होती.

या प्रसंगात सर्वांत मोलाची मला वाटते ती तुरुंग आणि यातना भोगूनही विश्वासात टिकलेल्यांची भूमिका. पतितांना तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणाला असलाच, तर तो त्यांना होता. पण त्यांच्यापैकी अनेकांनी पतितांच्या वतीने क्षमेची शिफारसपत्रे लिहून दिली. कार्थेजचे बिशप सिप्रियन, जे स्वतः छळाच्या काळात अज्ञातवासात होते आणि त्याबद्दल टीकाही सोसत होते, ते या पत्रांमुळे अस्वस्थ झाले, कारण काही पत्रांत ‘अमुक आणि त्याची माणसे’ एवढेच लिहून सगळ्यांना एकदम मोकळे केले जात होते. त्यांचा आक्षेप क्षमेला नव्हता; पश्चात्तापाला अवधी न देता जखम वरवर झाकली जाते, याला होता.

इ.स. 251 मध्ये कार्थेजला भरलेल्या बिशपांच्या सभेने मधला मार्ग काढला. केवळ दाखला घेतलेल्यांना प्रत्येकाची परिस्थिती पाहून प्रायश्चित्तानंतर परत घ्यावे. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवावे आणि मृत्यू समोर आल्यास त्यांना क्षमा द्यावी, असे ठरले. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच, निःशस्त्र माणसांना लढाईत कसे पाठवायचे, या विचाराने प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांना सामील करून घेण्यात आले. रोममधील विद्वान धर्मगुरू नोव्हेशियन यांना हे मान्य नव्हते. देव क्षमा करू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे नव्हते; अशी क्षमा मंडळीने द्यायची नसून ती देवावर सोपवावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी काढलेला वेगळा पंथ कित्येक पिढ्या टिकला. इ.स. 325 मध्ये नायसिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने त्या पंथातून परतणाऱ्या धर्मसेवकांना, पतित झालेल्यांशी सहभागिता राखू, असे लेखी देण्याची अट घातली. रोमन सम्राट लिसिनियसच्या काळात बळजबरीविना पतित झालेल्यांना याच परिषदेने एकूण बारा वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले. पण मरणासन्न माणसाला प्रभुभोजन नाकारू नये, हा जुना नियमही कायम ठेवला.

या निर्णयांत क्षमा होती, तरी ती बरीचशी माणसाने केलेल्या भरपाईच्या भाषेत मांडलेली होती. पश्चात्तापाची इच्छा मुळात येते कोठून, हा प्रश्न पाचव्या शतकात पेलागियसमुळे ऐरणीवर आला. मूळचा ब्रिटनचा हा कडक आचरणाचा तपस्वी शिकवत असे की, माणसाने ठरवले तर तो पाप टाळू शकतो. देवाची कृपा म्हणजे मुख्यतः त्याने दिलेली इच्छाशक्ती, नियमशास्त्र आणि ख्रिस्ताचा आदर्श. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो शहराचे बिशप ऑगस्टीन यांनी याला कसून विरोध केला. त्यांच्या मते चांगले करण्याची ओढ आणि बळ हेच मुळी देवाचे दान आहे आणि ते कोणत्याही पुण्याईचा मोबदला म्हणून मिळत नाही.

इ.स. 418 मध्ये आफ्रिकेच्या बिशपांची सभा पुन्हा कार्थेजलाच भरली आणि तिने पेलागियसची मते नाकारली. कृपा केवळ काय करावे हे दाखवत नाही, तर ते आवडण्याचे आणि करण्याचे सामर्थ्य देते, असे तिने ठरवले. ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ ही प्रभूच्या प्रार्थनेतील विनवणी पवित्र जन केवळ नम्रतेपोटी किंवा इतरांसाठी करतात, हे मतही तिने अमान्य केले. तेही ती स्वतःसाठी आणि खरोखरच करतात, असे तिच्या ठरावांत नोंदले आहे.