मॅक्रो लेन्स घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाचा जोर ओसरला की बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, चोर्ला घाट या बाजूंना कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांची वर्दळ वाढते आणि ‘चांगली मॅक्रो लेन्स दाखवा’ अशी विचारणाही आमच्याकडे त्याच सुमारास सुरू होते. मॅक्रो लेन्स म्हणजे किडे, फुले अशा लहान वस्तू अगदी जवळून, मोठ्या टिपणारी लेन्स.

लेन्सवर ‘मॅक्रो’ असे छापलेले असले म्हणजे ती खरी मॅक्रो असतेच असे नाही. पुष्कळशा झूम लेन्स वस्तूच्या मूळ आकाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या, चित्र टिपणाऱ्या पट्टिकेवर) उमटवतात. खऱ्या मॅक्रोत मात्र ती वस्तूएवढीच, म्हणजे १:१ उमटते. याची खात्री करून घेता यावी म्हणून आम्ही काउंटरवर शाळेतली साधी पट्टी ठेवली आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो) लेन्स चढवून शक्य तितक्या जवळून फोकस केल्यावर चौकटीत पट्टीचे ३६ मिलिमीटर दिसले, तर ती लेन्स १:१ समजावी. ७२ दिसले, तर निम्मीच.

त्यानंतरचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे किडा आपल्याला किती जवळ येऊ देतो. माहितीपुस्तिकेत दिलेले फोकसचे किमान अंतर सेन्सरपासून मोजलेले असते. लेन्सच्या तोंडापासून उरणारे अंतर त्याहून पुष्कळ कमी असते. १:१ वर ६० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) लेन्सला ते दहा सेंटिमीटरच्याही आत, ९० ते १०५ च्या लेन्सला साधारण १३ ते १५, तर १८० च्या लेन्सला सुमारे २५ सेंटिमीटर मिळते. पहाटे गवताच्या पात्यावर दवाने भिजलेला, गारठलेला चतुर ६० च्या लेन्सलाही जागचा हलत नाही. पण ऊन अंगावर आले की तोच चतुर लेन्सची सावली पडताक्षणी उडून जातो. १८० ची लेन्स जड आणि महाग असल्यामुळे पहिल्या खरेदीसाठी आम्ही बहुतेकांना ९० ते १०५ मधलीच सुचवतो.

डोळा स्पष्ट आणि पंख धूसर आले म्हणून लेन्स परत आणणारे ग्राहक भेटतात, परंतु तो लेन्सचा दोष नव्हे. १:१ वर, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते, आणि एफ १६ च्या पुढे गेल्यास विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) एकूण चित्रच मऊ, म्हणजे किंचित धूसर पडते. त्यामुळे चतुर वरून, पंख सेन्सरला समांतर ठेवून टिपावा, आणि हाती थोडे पैसे उरले तर ते अधिक महागड्या लेन्सऐवजी फ्लॅश व डिफ्यूझरवर (फ्लॅशचा प्रकाश सौम्य करणाऱ्या पडद्यावर) खर्चावेत.

एवढा खर्च सध्या जमत नसेल, तर आपल्याकडच्या ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावून १:२, म्हणजे निम्म्या आकारापर्यंत सहज पोहोचता येते. ट्यूबमध्ये काच नसते, त्यामुळे ती स्वस्त पडते.

आपल्याकडच्या दमट हवेत, चामड्याच्या बंद पिशवीत चार महिने पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागतेच. हवाबंद डब्यात ओलावा शोषणारे, रंग बदलणारे सिलिका जेल घालून त्यात लेन्स ठेवावी, आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरावे.