नैसर्गिक दगडाचा ग्रिट नंबर

वस्तऱ्याबद्दल वर्षानुवर्षे फिरणारा समज: धार लावायच्या प्रत्येक नैसर्गिक दगडाला ठरलेला ग्रिट नंबर, म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा, असतो, जसं बेल्जियमचा कोटिक्यूल म्हणजे 8000. विकताना असे आकडे सांगितले जातात, त्यामुळे विश्वास बसणं स्वाभाविक आहे.

पण ग्रिट नंबर मिळतो तो आकारानुसार वेगळ्या केलेल्या कणांना, कारखान्यात. खाणीतला दगड असा कुणी निवडलेला नसतो. कोटिक्यूलमध्ये अभ्रकात रुतलेले गार्नेट या कठीण खनिजाचे कण असतात. पाणी घालून पृष्ठभाग घासला की पांढुरका गाळ सुटतो आणि दगड भरभर कापतो. नुसत्या पाण्यावर तोच दगड सावकाश चालतो, धार मऊ देतो. मग एकच नंबर कसा द्यायचा? वस्तरा आधी गाळावर, मग स्वच्छ पाण्यावर घासा आणि दोन्ही वेळा भिंगातून पाहा. ओरखड्यांतला फरक दिसतो.

अमेरिकेतला आर्कान्सा दगड जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ. तो सॉफ्ट आणि हार्ड अशा प्रतींत विकला जातो, आणि हा भेद मुख्यतः घनतेचा. दगड कोरडा तोला, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून पटकन तोला. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा. उत्तर क्वार्ट्झच्या घनतेच्या, म्हणजे 2.65 च्या, जितकं जवळ, तितका दगड घट्ट, आणि वस्तऱ्याच्या शेवटच्या हातासाठी असाच घ्यावा.