विड्या वळता वळता: पहिलीची तयारी घरात कशी होते

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळांच्या आवारात शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि ‘प्रथम’ ही संस्था यांच्या सहभागाने २०२२ पासून चाललेल्या ‘पहिले पाऊल’ या उपक्रमाचा तो भाग असतो. जूनमध्ये पहिलीत जाणारे मूल आईचे बोट धरून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. कुठे ते उड्या मारते, कुठे कागद फाडून चिकटवते, कुठे मोठी आणि लहान पाने वेगळी करते, कुठे चित्र पाहून गोष्ट सांगते. शेवटी आईच्या हाती पुढील काही आठवड्यांच्या खेळांची कार्डे पडतात आणि गल्लीतल्या चार-सहा मातांचा एक गट तयार होतो.

सोलापूर शहराच्या पूर्वभागातील अशाच एका मेळाव्यात भाषेच्या टेबलापाशी मी थोडा वेळ उभा होतो. बाजाराचे चित्र समोर ठेवून अंगणवाडीच्या ताईंनी एका मुलाला ‘काय काय दिसतंय?’ असे विचारले, तेव्हा तो मान खाली घालून गप्प राहिला. ‘घरात तेलुगूच बोलतो ओ मॅडम, मराठी कमी येतं,’ असे आईने ओशाळून सांगितले. ‘मग तेलुगूत सांगू दे की,’ असे ताई म्हणाल्या आणि त्या मुलाने भाजीवाली, तिचा तराजू, टोपलीत तोंड घालणारी शेळी आणि शेळीला हाकलणारा पोरगा असे सगळे एका दमात सांगून टाकले. ताईंना त्यातले फारसे कळले नसावे. पण मूल क्रमाने, कारण जोडून बोलते आहे, हे कळायला भाषा यावी लागत नाही.

पहिलीची तयारी म्हणजे ‘अ’ ते ‘ज्ञ’ आणि एक ते शंभर, ही आपली समजूत फार घट्ट आहे. चार वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन पाने भरून घेणारे पालक मी रोज पाहतो, आणि त्यांच्या कळकळीबद्दल आदर बाळगूनही ही मेहनत चुकीच्या जागी खर्च होते, असे मला वाटते. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पोहोचलेले असते. या काळात मेंदूपेशींमधील ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या पक्क्या होतात आणि न वापरलेल्या गळून पडतात. या जोडण्या सर्वाधिक वापरल्या जातात त्या माणसाशी चाललेल्या देवाणघेवाणीत.

अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातील बोलणे छोट्या यंत्राने ध्वनिमुद्रित केले गेले आणि गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूचे स्कॅनही घेतले गेले. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले, यापेक्षा मूल आणि मोठे माणूस यांच्यात बोलण्याची पाळी किती वेळा बदलली, या आकड्याशी मेंदूतील भाषेच्या केंद्राच्या सक्रियतेचा संबंध अधिक दिसला, आणि घरचे उत्पन्न हिशेबात धरूनही तो टिकला. म्हणजे दिवसभर चालू असलेला टीव्ही किंवा मोबाइल शब्द भरपूर ओततो, पण उत्तराची वाट पाहत नाही.

सोलापुरात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण येथे हजारो बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात कापलेली पाने आणि तंबाखू, दिवसाला हजार विड्यांच्या हिशेबाने चालणारी बोटे. अशा बाईला ‘मुलाला रोज अर्धा तास शिकवा’ असे सांगणे म्हणजे तिची थट्टा करणे होय. तिचे हात मोकळे नसतात, तोंड मात्र मोकळे असते. ‘आज अंगणवाडीत काय खाल्लंस?’, ‘मग तो का रडला?’, ‘तू काय केलंस?’ एवढे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे यांत बोलण्याची पाळी पाच वेळा बदलते. (तंबाखूच्या धुळीपासून मूल हातभर लांब बसवावे, आणि विड्या मोजायला तर त्याला मुळीच लावू नये.)

बोलण्याइतकेच महत्त्व स्वतःला आवरण्याच्या क्षमतेला आहे. वर्गात आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दोन सूचना लक्षात ठेवणे, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणे, या सगळ्यांचा भार मेंदूच्या कपाळामागील भागावर असतो आणि तो भाग फार सावकाश परिपक्व होतो. ‘चिमणी उड, कावळा उड’ हा खेळ आठवून पाहा. पाच-सहा पक्षी लागोपाठ उडाले की वर जाण्याच्या सवयीला लागलेला हात ‘म्हैस उड’ ऐकताच जागच्या जागी रोखावा लागतो. प्रयोगशाळेत संगणकाच्या पडद्यावर मुलांची हीच क्षमता तपासली जाते. आपल्या आज्यांनी ती ओसरीवर तपासली.

गणिताची गोष्ट तशीच. आकृत्यांची पुनरावृत्ती ओळखण्याची क्षमता ज्या मुलांत शाळेपूर्वी चांगली असते, त्यांचे पुढील गणितही चांगले असते, असे अभ्यासांत दिसले आहे. सोलापुरी चादर अंथरून ‘या फुलानंतर काय? त्यानंतर? आणि पुढच्या ओळीत?’ असे विचारण्यासाठी कोणतेही शैक्षणिक साहित्य विकत आणावे लागत नाही.

येथे तेलुगू आणि कन्नड घरांबद्दल एक आडवळणाची गोष्ट सांगितली पाहिजे. मुलाला शाळेत त्रास नको म्हणून घरातही मोडक्या मराठीत बोला, असा सल्ला या पालकांना अनेकदा मिळतो आणि तो चुकीचा आहे. एका भाषेत पक्की झालेली गोष्ट सांगण्याची, कारण देण्याची, ध्वनी ओळखण्याची क्षमता दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. शिवाय मोजण्याच्या बाबतीत ही मुले थोडी सुदैवीच आहेत. तेलुगूत एकवीसला ‘इरवै ओकटि’ आणि कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात. दोन्हींत आधी वीस येतात आणि मग एक, अगदी अंकात लिहितो तसे. मराठीत एक आधी येतो, आणि एकोणतीस म्हणताना तर तीस न गाठताच त्याचे नाव घ्यावे लागते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली तेव्हा राज्यभर वाद झाला. आधी ‘इरवै ओकटि’ शिकलेल्या मुलाला त्या वादातले मर्म चटकन समजले असते.

असे उपक्रम खरोखर परिणाम करतात का? जमैकात १९८०च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ बालकांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे, दर आठवड्याला तासभर जात आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत. वीस वर्षांनंतर या मुलांची कमाई तशी मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. कोलंबियात तोच कार्यक्रम ९६ गावांत दीड वर्ष राबवला गेला. सुरुवातीला फरक दिसला, पण कार्यक्रम थांबल्यानंतर दोन वर्षांनी पाहिले तेव्हा तो ओसरला होता. आपल्या जवळचे उदाहरण ओडिशाचे आहे. तेथे १९२ गावांत घरभेटी आणि मातांच्या गटबैठका यांची तुलना केली गेली, आणि गटबैठकांचा परिणाम घरभेटींच्या जवळपास पोहोचला, खर्च मात्र एक-तृतीयांशाहूनही कमी आला.

त्यामुळे एप्रिलचा मेळावा, त्यातील फुगे आणि सेल्फीची चौकट यांपेक्षा माझे लक्ष नंतरच्या बैठकांकडे असते. त्या भरतात का, आणि मुख्य म्हणजे किती वाजता भरतात? दुपारी दोनची बैठक कागदावर सोयीची दिसते, पण त्या वेळी विड्यांचा हिशेब पुरा करायचा असतो आणि यंत्रमागावरचा बाप पाळीवर असतो. एका गल्लीतल्या बायकांनी बैठक संध्याकाळी, तयार विड्या देऊन परतल्यानंतर, मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर ठेवली. तेथे कार्ड एकच असते, ते वाचून दाखवणारी एकच असते, आणि मुले पायऱ्या मोजत वरखाली धावत असतात. तेलुगूत वर, मराठीत खाली.