खाटा मोजून फॅमिली डॉक्टरची ताकद कळत नाही

आरोग्यावरचा लेख म्हटला की देशांचा एक तक्ता येतोच, आणि त्याखाली हमखास एक वाक्य: ‘या देशाला ८० च्या वर गुण, म्हणजे तिथली प्रायमरी केअर (फॅमिली डॉक्टरकडची पहिली, रोजची सेवा) भक्कम.’ गुण बरोबर असतात, चुकतं ते वाक्य. तो तक्ता बहुतेक वेळा सेवांच्या पोहोचीचा, म्हणजे सेवा किती लोकांना मिळतात याचा असतो. प्रायमरी केअरची ताकद हे वेगळं प्रकरण आहे.

पोहोच निर्देशांक बहुतेकांच्या ओळखीचा, म्हणून उरकतो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतला ३.८.१ क्रमांकाचा, गुण शून्य ते शंभर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात तो १४ निर्देशकांवरून काढलेला आहे: बाळांचं लसीकरण, गरोदरपणातल्या तपासण्या, क्षयरोगाचे उपचार, रक्तदाब, तंबाखू वगैरे. आणि त्यातच रुग्णालयातल्या खाटा! दर दहा हजार लोकांमागे १८ खाटा झाल्या की त्या रकान्यात पैकीच्या पैकी. त्या गुणांवरून फॅमिली डॉक्टरची ताकद सांगणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

ताकद मोजणारे विचारतात ते निराळंच. प्रायमरी केअरच्या अमेरिकन अभ्यासक बार्बरा स्टारफील्ड यांनी चार गोष्टी धरल्या. दुखलं-खुपलं की आधी याच दारात यायचं. डॉक्टरची आणि माणसाची ओळख वर्षानुवर्षं टिकायची. बहुतेक तक्रारी तिथेच निस्तरायच्या. आणि पुढे कुणाकडे पाठवलं, तरी सगळ्या उपचारांचा मेळ इथेच बसायचा. पहिली आणि तिसरी सांगावी लागत नाही. गफलत होते ती दुसरीत आणि चौथीत.

साठीचा एक माणूस घ्या, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेला. लस घेतली शिबिरात. रक्तदाबाच्या गोळ्या एका दवाखान्यातून, खोकल्याचं औषध दुसऱ्यातून. पायाची जखम चिघळली तेव्हा चार दिवस रुग्णालयात. सेवा मिळाली का, असं विचारलंत तर चारही ठिकाणी ‘हो’. पण रुग्णालयाने रक्तदाबाची एक गोळी बंद केली होती. तसं डिस्चार्ज कार्डावर लिहिलं, कार्ड घरी कपाटात गेलं, आणि पहिल्या दवाखान्यातून ती गोळी मिळतच राहिली. पोहोचीत काही कमी नाही, फक्त या माणसाची पूर्ण हकिकत माहीत असलेलं कुणी नाही. ताकद मोजायची तर ते कार्ड कुणाच्या टेबलावर पोहोचलं, हे विचारावं लागतं. लसीकरणाच्या टक्केवारीत याचं उत्तर सापडणार नाही. लसीकरण स्वतंत्र मोहीम काढूनही उत्तम करता येतं.

दोन मोजमापं किती वेगळी पडतात ते युरोपात दिसतं. आरोग्यसेवेच्या संशोधक डिओन क्रिंगोस आणि सहकाऱ्यांनी ३१ देशांतल्या प्रायमरी केअरची तुलना २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. माहिती २००९-१० च्या आसपासची. रचना आणि प्रत्यक्ष कामकाज दोन्ही तपासून तुलनेने मजबूत ठरले ते बेल्जियम, डेन्मार्क, एस्टोनिया, फिनलंड, लिथुआनिया, नेदरलँड्स, पोर्तुगाल, स्लोव्हेनिया, स्पेन आणि ब्रिटन. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड यादीत नाहीत. पोहोच निर्देशांकात मात्र हे तिघेही ८० च्या वर. जर्मनीत पैशांची वा डॉक्टरांची वानवा नाही. पण तिथे बहुतेक स्पेशालिस्टांकडे थेट जाता येतं, त्यामुळे आधी एकाच दारात जायची सक्ती नाही.

आता मोजायचं कसं? कायदे आणि नोंदी वाचून रचना कळते, नातं कळत नाही. मला म्हणून क्वालिकॉपक (QUALICOPC) या आंतरराष्ट्रीय पाहणीची पद्धत आवडते. ३४ देशांत साधारण सात हजार डॉक्टरांना प्रश्नावली दिली, आणि प्रत्येकाच्या दवाखान्यात आलेल्या दहा रुग्णांनाही. नऊ जणांनी स्वतःचा अनुभव लिहायचा, दहाव्याने आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते. डॉक्टर म्हणतो ‘मी सगळ्यांना ओळखतो’, आणि बाहेर बसलेले काय म्हणतात तेही लगेच समोर.

एकच निकष निवडायची वेळ आली तर मी टिकाऊ ओळख निवडेन. नॉर्वेतल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच डॉक्टर असलेल्यांची तुलना वर्षभराचीच ओळख असलेल्यांशी केली, तर तातडीने रुग्णालयात भरती होण्याची आणि मृत्यूची शक्यता सुमारे पाव हिश्शाने कमी दिसली. निरीक्षणावरचा अभ्यास आहे, कार्यकारणाचा पुरावा म्हणून नाचवू नये. तरी आकडा लहान नाही.

जाता जाता, ‘प्रायमरी केअर मजबूत केली की खर्च घटतो’ हे पालुपदही आता पुरे. क्रिंगोस यांच्याच २०१३ च्या दुसऱ्या लेखात मजबूत रचनेच्या देशांत लोकांचं आरोग्य बरं दिसलं, पण एकूण आरोग्यखर्च जास्त होता. खर्चाची वाढ संथ दिसली ती जिथे प्रायमरी केअरमध्ये जास्त प्रकारच्या सेवा मिळतात तिथे, म्हणजे स्टारफील्ड यांच्या तिसऱ्या मुद्द्यापाशी.